शेंगाचटणीच्या गावात कमी निकेलचं ताट

निकेल या धातूची ॲलर्जी असलेल्या काहींना निकेल कमी असलेला आहार द्यावा लागतो. तो लिहून द्यायला महाराष्ट्रात सर्वांत अवघड गाव कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सोलापूरचं नाव घेईन. शेंगाचटणी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, ज्वारी-बाजरीची कडक भाकरी, शेंगापोळी, हुलग्याचे शेंगोळे. निकेल जास्त असलेल्या पदार्थांच्या कुठल्याही यादीत तेलबिया, कडधान्यं आणि कोंड्यासकटची धान्यं वरच्या ओळीत असतात, आणि इथलं रोजचं जेवण नेमकं त्यांच्यावर चालतं. अशा घरात युरोपात छापलेली यादी हातात दिली की दोनच गोष्टी होतात. एकतर ती यादी तिसऱ्या दिवशी कपाटात जाते, नाहीतर बाई भात-दही खाऊन अशक्त होतात. या प्रकरणात दोन्ही टाळता आलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

बाई 36 वर्षांच्या, वजन 58 किलो. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगचं काम. घरी नवरा, सासूबाई, एक मुलगा, एक मुलगी. अंडी चालतात, मटण-मासे नाहीत. दोन वर्षांपासून तळहातांवर आणि बोटांच्या कडांना साबुदाण्याएवढे पाण्याचे फोड यायचे. रात्री झोप मोडेल अशी खाज, मग फोड सुकून सालपटं निघायची. पापण्या आणि कोपरांची आतली बाजूही लाल व्हायची. मलम लावलं की कमी, थांबवलं की पुन्हा. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. त्यात पाठीवर 5 टक्के निकेल सल्फेटचा ठिपका चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. चौथ्या दिवशी त्या जागी फोडांसकट सूज होती. कॉलेजात असताना खोट्या कानातल्यांनी कान चिघळायचे, हे त्यानंतर बोलण्यात आलं.

पॅच टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच आहार बदलायचा नसतो. निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना फक्त स्पर्शाचा त्रास होतो, त्यांना काजू खाऊन काही होत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी स्पर्श बंद केला, आणि तेच योग्य होतं. कारखान्यातल्या कात्रीच्या मुठीला प्लॅस्टिकचं आवरण आलं, टाचण्या तोंडात धरायची सवय सुटली, जीन्सच्या बटणाला आतून कापड शिवलं. पायातली जोडवी जर्मन सिल्व्हरची होती. नावात चांदी असली तरी त्या धातूत चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. ती काढून खऱ्या चांदीची घातली. दोन महिन्यांत पापण्या साफ झाल्या, बोटांच्या चिरा भरल्या. तळहातांवरचे फोड मात्र निम्मेच कमी झाले. स्पर्श थांबूनही दोन्ही तळहातांवर सारखेच फोड येत राहिले, तेव्हा डॉक्टरांनी अन्नाकडे बोट दाखवलं आणि त्या माझ्याकडे आल्या.

मी आठवडाभराच्या जेवणाची वही लिहायला सांगितली. ती वाचताना मला वाईट वाटलं, कारण बाईंनी तब्येतीसाठी जे जे मनापासून केलं होतं, तेच त्यांना भोवत होतं. काही महिन्यांपूर्वी वजन कमी करायचं ठरवून त्यांनी सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून जवसाची पूड सुरू केली होती. नाश्त्याला पोह्यांऐवजी ओट्स. मधल्या वेळेला मूठभर बदाम-काजू. दुपारी मोड आलेली मटकी, रात्री सोयाबीनच्या वड्यांची भाजी. पोळीला मल्टिग्रेन आटा. भाकरीबरोबर शेंगाचटणी तर लहानपणापासून होतीच. काजू आणि सोयाबीन, दोन्हींत किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅम निकेल सापडतं, शेंगदाण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे 30 ग्रॅम काजूंतून 150 मायक्रोग्रॅम, 30 ग्रॅम वड्यांतून तेवढंच. सर्वसाधारण माणसाच्या पोटात दिवसभरात सगळं मिळून 100 ते 300 मायक्रोग्रॅम जातं. बाईंचं दोन पदार्थांतच 300 होत होतं. पिकाच्या मातीप्रमाणे हे आकडे बरेच खालीवर होतात, त्यामुळे मी ते हिशोबाला घेते, तराजूला नाही.

बियांतच निकेल का साठतं, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण ते कळलं की यादी पाठ करावी लागत नाही. वनस्पतींत युरिएज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं, ते युरियाचं विघटन करून त्यातला नायट्रोजन झाडाला वापरायला मोकळा करतं. ते निकेलशिवाय चालत नाही. उगवणाऱ्या अंकुराला नायट्रोजन लागतो, म्हणून झाड बीजात निकेलची शिदोरी बांधून ठेवतं. कडधान्यं, तेलबिया, सुका मेवा, कोको, सगळी बीजंच. धान्यात ते कोंड्यात आणि अंकुरात जास्त, म्हणून पॉलिश केलेला तांदूळ आणि मैदा कमी निकेलचे. दूध, अंडी, बटाटा, बहुतेक फळभाज्या यांत फारसं नसतं.

दुसरी गोष्ट पोटाच्या वेळेची. 1989 मध्ये स्वयंसेवकांवर झालेल्या एका प्रयोगात उपाशीपोटी पाण्यातून दिलेल्या निकेलपैकी सरासरी 27 टक्के शरीरात शोषलं गेलं. तेच अन्नातून दिलं तेव्हा 0.7 टक्के. हा फरक इतका मोठा आहे, की काय खाल्लं याइतकंच कधी खाल्लं हे पाहावं लागतं. बाईंची जवसाची पूड नेमकी उपाशीपोटी, पाण्यातून जात होती. ती मी पहिल्याच भेटीत बंद केली.

तिसरी गोष्ट रक्ताची. हिमोग्लोबिन 9.8 होतं. लोह आणि निकेल आतड्यातून आत शिरताना एकच दार वापरतात. शरीरात लोह कमी असलं की ते दार सताड उघडं राहतं आणि निकेलही जास्त आत येतं. आपल्याकडे इतक्या बायकांना रक्त कमी असतं की निकेलचा आहार लिहिणाऱ्यानं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) न पाहता कागद पुढे करूच नये, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्या दूध किंवा चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, एवढं मी बघितलं. घरात एक मल्टिव्हिटॅमिनची बाटलीही होती. तिच्या मागच्या बारीक अक्षरांतल्या खनिजांच्या यादीत निकेल होतं. काही गोळ्यांत ते असतं, म्हणून मागची बाजू वाचल्याशिवाय अशी गोळी घेऊ नये.

पुढच्या भेटीला सासूबाईंना बोलावलं. स्वयंपाक त्या करतात आणि वाण्याची यादीही त्याच लिहितात. त्या आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, शेंगा नाही, डाळ नाही, भाकरी नाही. मग पोरीनं खायचं तरी काय ओ?"

मी म्हटलं, "मावशी, सहा आठवडेच. आणि कायमचं काही बंद नाही. तुमची महिन्याची यादी काढा, आपण तिच्यावरच काम करू."

त्यांनी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यात शेंगदाणे तीन किलो, तूरडाळ तीन, हरभराडाळ एक, मटकी, हुलगे, बेसन, तीळ, जवस, कारळे, सुकं खोबरं, मल्टिग्रेन आटा दहा किलो होतं. सगळ्यांचं खाणं बदलायचं कारण नव्हतं, म्हणून काही काढून टाकलं नाही, प्रमाण बदललं. शेंगदाणे दीड किलो, तेही बाकीच्यांसाठी. आट्याची पिशवी बंद. तिच्या मागे घटक वाचले तर गव्हाबरोबर सोयाबीन, हरभरा आणि ओट्स निघाले. त्याऐवजी साधा गहू दळून आणायचा आणि बाईंची कणीक मैद्याच्या चाळणीनं चाळून कोंडा काढायचा. चाळलेल्या कणकेत निम्मा मैदा. तांदळात कोलम वाढवला, तांदळाची पिठी, बारीक रवा आणि जाड पोहे वाढवले. बाजारातल्या ब्रेडमध्ये सोयाबीनचं पीठ पुष्कळदा असतं, ते पाकिटावर बघायचं. वनस्पती तूप निकेलच्या मदतीनं घट्ट केलेलं असतं, आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्यात किती निकेल राहू द्यायचं याची मर्यादाच घातलेली आहे. शंकरपाळ्यांना साजूक तूप किंवा नुसतं तेल घालायचं ठरलं. डबाबंद फळं, कोको, चॉकलेट बंद.

मंडईच्या यादीत अडचण कमी. दुधी, दोडका, पडवळ, कोबी, फ्लॉवर, वांगी, काकडी, ढोबळी मिरची, बटाटा भरपूर घ्या म्हटलं. पालक आणि बाकीच्या गडद पालेभाज्या सहा आठवडे बाजूला. फळांत केळं, सफरचंद, पेर, मोसंबी. मैदा आणि पांढरा भात वाढला की पोट साफ होत नाही, ही या आहाराची हमखास तक्रार असते, म्हणून दोन्ही जेवणांत भाजी पोळीच्या दुप्पट आणि दिवसातून दोन फळं असं लिहूनच दिलं.

युरोपातल्या याद्यांत हुलगे नाहीत, वरई नाही, कारळे नाहीत. तिथे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे भारतीय अन्नघटक तक्ते उघडते. त्यांत आपल्याकडच्या धान्य-कडधान्यांच्या इतर खनिजांबरोबर निकेलचाही रकाना आहे. 2013 मध्ये एक गुणपद्धत प्रसिद्ध झाली आहे, तिच्यात पदार्थांना गुण देऊन दिवसाची बेरीज 15 च्या आत ठेवायची असते. त्या पद्धतीची कल्पना मला आवडते, कारण ती बंदी घालत नाही, खर्चाचं बजेट देते. आज चमचाभर चटणी हवी असेल तर आज डाळ नको. बायकांना हा हिशोब सांगावा लागत नाही, त्या घरखर्चात रोज तेच करतात.

खरी अडचण चवीची होती. आमच्याकडे वांग्याची भाजी कुटाशिवाय होत नाही, कढी बेसनाशिवाय फुटते, आणि भाकरीबरोबर कोरडी चटणी नसली तर जेवल्यासारखं वाटत नाही. कढीला बेसनाऐवजी तांदळाची पिठी लावली, जमली. वांग्याला भाजलेल्या कांदा-लसणाचं वाटण आणि शेवटी दोन चमचे साय. दाटपणा आला, थोडा गोडवाही आला. ज्वारीची भाकरी थांबवली होती, कारण ती कोंड्यासकट दळली जाते. तिच्या जागी तांदळाची उकड काढून केलेली भाकरी. सासूबाईंचा हात ज्वारीवर बसलेला, पहिल्या भाकऱ्या कडेला चिरल्या, मग पीठ गरम असतानाच मळायला लागल्या तशा फुगल्या.

चटणीचा तोडगा सासूबाईंचा. त्यांनी जाड पोहे लोखंडी तव्यावर मंद आचेवर इतके भाजले, की बोटानं दाबले तर चुरा व्हावा. खलबत्त्यात आधी लसूण, जिरं, मीठ आणि लाल तिखट कुटलं, लसणाचं तेल तिखटाला लागून ते ओलसर झालं की पोहे टाकून पुन्हा कुटलं, आणि वरून चमचाभर कच्चं तेल. मी खाऊन पाहिली. शेंगाचा तेलकटपणा तिला नाही, पण लसूण-तिखटाची ती ओळखीची कोरडी चव आणि दाताखाली येणारी कुरकुर, दोन्ही आहेत. हा आहार सहा आठवडे टिकला त्याचं अर्ध्याहून जास्त श्रेय मी या चटणीला देते.

प्रथिनांचा हिशोब कागदावर मांडला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी 12, पनीर 60 ग्रॅम म्हणजे 11 च्या आसपास, दूध आणि दही मिळून 15. उरलेलं भात, पोळी, रवा, भाज्या यांतून येतं. डाळ पूर्ण काढली नाही. एक दिवसाआड सालं काढलेल्या मुगाचं पातळ वरण, एक वाटी, डाळ भिजवून ते पाणी टाकून देऊन शिजवलेलं. शाकाहारी घरात डाळ शून्यावर आणायचा हट्ट मी करत नाही. अंडी न खाणाऱ्या घरात तर हा हिशोब आणखी अवघड होतो, तिथे पनीर, दही आणि खव्याशिवाय मार्ग नाही. चहा अनेक याद्यांत वर्ज्य असतो. मी दोन कप ठेवले, कमी उकळलेले, दुधाचे आणि खाण्याबरोबर. सकाळच्या चहावरच माणूस आहार सोडतो, हे बघून बघून मी या निष्कर्षाला आले आहे.

भांड्यांबद्दल लोक एकतर घाबरतात, नाहीतर काहीच करत नाहीत. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलमध्ये, ज्याला 304 किंवा 18/8 म्हणतात त्यात, 8 टक्के निकेल असतं. कोरडं धान्य, पाणी, पीठ त्यात ठेवायला काही हरकत नाही. प्रश्न आंबट पदार्थ त्यात उकळण्याचा आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात स्टीलमध्ये तासन्‌तास शिजवलेल्या टोमॅटो सॉसमध्ये, भांडं दहाव्यांदा वापरल्यावरही, 126 ग्रॅमला सरासरी 88 मायक्रोग्रॅम निकेल उतरलं. नव्या भांड्यातून याहून जास्त उतरतं. आपली आमटी इतका वेळ उकळत नाही, पण चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, आंबट ताकाची कढी नव्या कोऱ्या स्टीलच्या पातेल्यात करू नये एवढं मी सांगतेच. या घरात माळ्यावर जुनी लोखंडी कढई होती. ती घासून, तेल लावून खाली आली. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की त्यात लोह उतरतं, आणि बाईंना तेच कमी होतं. भाजी शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते. दही मातीच्या मडक्यात विरजलं, लोणचं काचेच्या बरणीत होतंच. आणि सकाळी नळ उघडल्यावर आधीचं पाणी भांडी घासायच्या बादलीत सोडायचं, कारण रात्रभर मुलामा दिलेल्या तोटीत थांबलेल्या पाण्यात निकेल उतरलेलं असू शकतं.

पहिल्या दोन आठवड्यांत काही फरक नाही. बाई नाराज झाल्या, साहजिक आहे. तिसऱ्या आठवड्यापासून नवे फोड येणं कमी झालं. मध्ये एकादशी आली. उपास हा आपल्याकडे निकेलचा सर्वांत जड दिवस असतो, शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी, वरई, शेंगदाण्याची आमटी. त्या दिवशी साबुदाणा आणि उकडलेल्या बटाट्याची थालीपीठं केली, बरोबर दही, आणि दुपारी केळ्याचं शिकरण. सहाव्या आठवड्याच्या शेवटी तळहात कोरडे होते, सालपटं होती, फोड नव्हते. पोट फुगणंही बरंच कमी झालं होतं. मलम आठवड्यातून दोनदा पुरत होतं.

इथे थांबणं ही मोठी चूक असते. बरं वाटलं म्हणून बायका वर्षानुवर्षं डाळ-शेंगा सोडून बसलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांचं रक्त, त्यांची ताकद दोन्ही उतरलेली पाहिली आहे. या आहाराचा पुरावा अजून मर्यादित आहे आणि तो प्रत्येकाला लागू पडत नाही. त्यामुळे पदार्थ परत आणून बघितल्याशिवाय खरंच त्यांनीच फरक पडला का, हे कळत नाही. आम्ही एका वेळी एक पदार्थ चार दिवस, मग तीन दिवस नुसतं निरीक्षण, असा क्रम लावला. सगळ्यांत आधी ज्वारीची भाकरी, कारण बाईंना तिचीच आठवण होत होती. काही झालं नाही. मग न चाळलेल्या कणकेची पोळी, मग तुरीचं साधं वरण रोज एक वाटी. दोन्ही चाललं. मटकीची उसळ आठवड्यातून एकदा चालली. शेंगाचटणी जेवणाबरोबर एक चमचा चालली, सलग चार दिवस दोन-तीन चमचे झाली तेव्हा बोटांच्या कडांना खाज सुरू झाली. काजू आणि ओट्स एकाच सकाळी खाऊन पाहिले, तिसऱ्या दिवशी दोन्ही तळहातांवर फोड. सोयाबीनच्या वड्या बाईंनी परत आणायलाच नकार दिला, आणि त्यांच्यावाचून काही अडतही नव्हतं.

म्हणजे वर्षभराचा आहार असा ठरला. भाकरी, पोळी, भात, पातळ वरण, दूध-दही, अंडी आणि फळभाज्या रोज. उसळ आठवड्यातून एकदा. शेंगा, तीळ, जवस यांपैकी दिवसाला एकच आणि एक चमचा, कधीच उपाशीपोटी नाही. काजू, ओट्स, सोयाबीन आणि काळं चॉकलेट नाही. दिवाळीच्या फराळात खव्याच्या करंज्या, चिरोटे, बिनकाजूचे रव्याचे लाडू आणि तांदळाच्या पिठाची चकली. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जायचं, हुरडा खायचा, पण त्याच्याबरोबरची चटणी हातावर थोडीच घ्यायची आणि त्या दिवशी डाळ टाळायची. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.6 होतं. लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत आणि फेरिटिन भरलं की शेंगाचटणीचं प्रमाण पुन्हा तपासायचं ठरलं आहे, कारण लोह भरल्यावर निकेलचं शोषण कमी व्हायला हवं.

शेवटच्या भेटीत सासूबाईंनी नातीचं विचारलं. ती नऊ वर्षांची आहे, कान टोचायचे राहिले आहेत, आणि शेजारणीनं जत्रेतून डूल आणून ठेवलेत. निकेलची ॲलर्जी बहुतेकदा इथेच सुरू होते, ताज्या जखमेत निकेलची काडी दिवसरात्र राहिल्यानं. म्हणूनच युरोपीय संघानं 1994 मध्ये टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतल्या निकेलवर कायद्यानं मर्यादा घातली. मी त्यांना 22 कॅरेटच्या सोन्याच्या तारा घालायला सांगितल्या, पांढरं सोनं नको म्हटलं, त्यात निकेल मिसळलेलं असू शकतं. सोनं परवडत नसेल तर टायटॅनियमच्या काड्या मिळतात. जखम पूर्ण भरेपर्यंत दुसरं काहीही कानात घालायचं नाही. जत्रेतले डूल त्यांनी शेजारणीला परत दिले.